सी हॉकला जेवढं येत होतं तेवढंच

लढाऊ विमानांचे सिम्युलेटर वर्षानुवर्षं खेळणाऱ्या माणसाला काही आकाशं पाठ झालेली असतात. १९४० सालची इंग्लिश खाडी, तिथले स्पिटफायर आणि मेसरश्मिट. पॅसिफिकवरचे झीरो आणि हेलकॅट. कोरियातली मिग-१५ आणि सेबरची झुंज, व्हिएतनामवरचे फँटम. डिसेंबर १९७१ मधला बंगालचा उपसागर त्यांत सहसा सापडत नाही. ४ डिसेंबरच्या सकाळी आयएनएस विक्रांत या आपल्या विमानवाहू नौकेच्या डेकवरून सी हॉक विमानं उडाली आणि त्यांनी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बाजारचा विमानतळ गाठला, त्यानंतर चितगाव. ती सकाळ ज्याला संगणकावर उडवून बघायची आहे, त्याने ते विमान स्वतःच बनवायला बसावं.

मी बसलो आहे. रात्री जेवणं आटोपली, घर शांत झालं की स्क्रीनवर त्याच विमानाचा पंख उघडलेला असतो.

अशा घरगुती भरीला या मंडळींत मॉड म्हणतात. मूळ सिम्युलेटर एखाद्या कंपनीने विकलेला असतो. त्यात नसलेलं विमान, नसलेला रंग, नसलेलं जहाज किंवा अख्खा प्रदेश कुणीतरी हौसेने बनवतो आणि बाकीच्यांना फुकट देतो. या हौसेला आता पंचवीसहून अधिक वर्षं झाली. मायक्रोसॉफ्टचा कॉम्बॅट फ्लाइट सिम्युलेटर १९९८ मध्ये आला तेव्हाच लोकांनी त्यातली फाइलींची रचना समजून घेतली होती: एका फाइलीत विमान कसं उडेल, दुसरीत कुठे गोळी लागली तर काय तुटेल. त्याच वर्षीच्या फाल्कन ४.० या एफ-१६ विमानाच्या सिम्युलेटरचा सोर्स कोड, म्हणजे मूळ प्रोग्रॅमचा मजकूर, पुढे २००० साली बाहेर फुटला, आणि हौशी लोकांनी तो एफ-१६ आजपर्यंत जिवंत ठेवला आहे. रशियातून आलेला आयएल-२ स्टुर्मोव्हिक हा सिम्युलेटर मात्र बराच काळ कुलूपबंद होता, बाहेरच्या कुणाला त्यात विमान घालता येत नव्हतं. २००७ मध्ये ते कुलूप निघालं आणि विमानांचा पूर आला. डीसीएस नावाच्या आजच्या सिम्युलेटरमध्ये विकत मिळणारं मिग-२१ बिस हेसुद्धा एका हौशी माणसाच्या मॉडपासून सुरू झालेलं काम आहे. नाशिकजवळ ओझरला ज्या विमानाची जुळणी करण्यात कुणाच्या वडिलांची, कुणाच्या काकांची नोकरी गेली, त्याच विमानाचं कॉकपिट परदेशात एकाने आधी केवळ आवडीपोटी उभं केलं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

मी काम करतो ते स्ट्राइक फायटर्स या जुन्या सिम्युलेटरसाठी. २००२ मध्ये तो आला तेव्हा त्यातलं युद्ध धिमार आणि परान नावाच्या दोन काल्पनिक देशांचं होतं. पुढच्या आवृत्त्यांमध्ये खरी युद्धं आली, विमानवाहू नौका आल्या. मी त्याच्याकडे वळलो ते त्याच्या मोकळेपणामुळे. विमानाच्या स्वभावाची जवळजवळ सगळी माहिती साध्या अक्षरांत लिहिलेली, नोटपॅडमध्ये उघडता येणारी. पंखाचं क्षेत्रफळ, इंजिनाचा जोर, चाकांच्या स्प्रिंगचा कडकपणा, सगळं ओळीओळीने. पन्नास ते ऐंशीच्या दशकांतली जेट विमानं हाच त्याचा मुख्य संसार, म्हणजे आपल्या सी हॉकचं घरच.

आता या विमानाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्या शरीरावर अवलंबून आहे. सी हॉक हे हॉकर कंपनीचं ब्रिटिश डिझाइन. पहिलं प्रायोगिक विमान १९४७ च्या सप्टेंबरमध्ये उडालं. आत रोल्स-रॉईसचं नीन इंजिन. हे जुन्या पद्धतीचं, हवेला चाकासारखं फिरवून बाहेर फेकत दाबणारं, त्यामुळे घेराने मोठं. म्हणूनच विमानाचं पोट मधोमध भरलेलं दिसतं. हवा आत घेणारी तोंडं पंखांच्या मुळाशी आहेत. खरी करामत मागे आहे. बहुतेक एकइंजिनी जेट विमानांत जळलेला वायू शेपटीच्या टोकातून बाहेर पडतो. सी हॉकमध्ये तो झोत दोन नळ्यांत विभागून पंखांच्या मुळामागून, दोन्ही कुशींतून बाहेर सोडला आहे. नळ्या आखूड राहिल्याने जोर कमी वाया जातो आणि शेपटीकडचा भाग इंधनासाठी मोकळा मिळतो. वैमानिक अगदी पुढे, नाकाच्या टोकाशी बसतो, त्यामुळे डेकवर उतरताना समोरचं सगळं दिसतं. नाकाखाली २० मिलिमीटरच्या चार तोफा. पंख सरळ, मागे न कललेले, आणि जहाजाच्या पोटात मावावेत म्हणून वर दुमडणारे: उघडलेले असताना बारा मीटरला थोडे कमी, मिटल्यावर जेमतेम चार.

विक्रांत ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्टला नौदलात दाखल झाली आणि त्याच वर्षी १८ मे रोजी लेफ्टनंट ताहिलियानी यांनी तिच्यावर पहिलं जेट उतरवलं. पुढे ते नौदलप्रमुख झाले. या विमानांची तुकडी म्हणजे ३०० क्रमांकाची स्क्वाड्रन, व्हाइट टायगर्स. ब्रिटनकडून घेतलेल्या विमानांत पुढे पश्चिम जर्मनीने वापरलेल्यांची भर पडली, आणि सी हॅरियर येईपर्यंत, म्हणजे १९८३ पर्यंत, सी हॉक आपल्याकडे उडत राहिलं. ब्रिटनने तोवर ते केव्हाच निवृत्त केलं होतं.

पुस्तकांतून आणि जुन्या आराखड्यांतून एवढं सगळं कळतं. तीन बाजूंची रेखाचित्रं मिळतात, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबता येत नाही. एका चित्रात शेपटीची कमान एक असते, दुसऱ्यात वेगळी. म्हणून गोव्याला गेलो. दाबोळीच्या धावपट्टीला लागून, बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचं विमान संग्रहालय आहे. उघड्यावर, गवतात, समुद्राच्या वाऱ्यात जुनी विमानं उभी आहेत आणि त्यांत सी हॉक आहे. इतर लोक विमानासमोर उभे राहून फोटो काढतात. मॉड बनवणारा माणूस विमानाच्या खाली वाकतो. मला हवी होती पुढच्या चाकाच्या दाराची बिजागरी, पंख दुमडतो त्या सांध्याची फट, नळीच्या तोंडामागून शेपटीकडे टोकदार होत जाणारी ती पट्टी. पंखाची मागची कड बोटभर जाड आहे की कागदासारखी, हे कुठलंच रेखाचित्र सांगत नाही. तिथे मान वाकडी करून बघितलं की कळतं. एक लहान मुलगी माझ्याकडे बघत आईला विचारत होती, "हे काका विमान दुरुस्त करताहेत का?" आई हसली आणि मीही हसलो. मुलीचा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता.

मॉडेल म्हणजे शेवटी त्रिकोणांची जाळी. नाकाची गोलाई किती त्रिकोणांत बसवायची, हा पहिला हिशेब. फार घातले तर जुना सिम्युलेटर अडखळतो, कमी घातले तर नाक कोनाकोनाचं दिसतं. प्रत्येक हलणारा भाग वेगळा ठेवावा लागतो आणि त्याला नाव द्यावं लागतं. डावा पंख, त्याच्या टोकाचा दुमडणारा भाग, त्याच्यावरचं एलेरॉन, म्हणजे विमान कुशीवर कलवणारी मागच्या कडेची झडप. कोण कुणाला जोडलेलं आहे, याची वंशावळ फाइलीत लिहायची. ही वंशावळ नीट असली की आतला पंख तुटला तर बाहेरचाही त्याच्याबरोबर जातो. नाहीतर विमान कोसळत असतं आणि पंखाचं टोक हवेत एकटंच शाबूत उडत राहतं.

मग रंग. भारतीय सी हॉक वरून गडद करडं, खालून फिकट हिरवट. त्यावर आपला गोल, बाहेर केशरी, मध्ये पांढरा, आत हिरवा. हे वाचायला सोपं आहे. पण कुठला केशरी? साठ वर्षांपूर्वीच्या रंगीत छायाचित्रांतले रंग उतरलेले असतात, आणि संग्रहालयातल्या विमानाला मधल्या काळात किती वेळा रंग दिला गेला असेल कोण जाणे. मी जहाजावरच्या विमानाचा केशरी थोडा मळका ठेवला आहे. खाऱ्या हवेत, उन्हात, इंजिनाच्या धुरात राहिलेला.

त्या धुराबद्दल मला सगळ्यात जास्त शिकवलं ते एका निवृत्त नौसैनिकांनी. विमानांच्या देखभालीत त्यांची उमेदीची वर्षं गेली. आता कोकणात घरी असतात. नाव लिहू नको म्हणाले, म्हणून लिहीत नाही. त्यांच्या पडवीत लॅपटॉप उघडून मी विमान गोल गोल फिरवून दाखवलं. बराच वेळ ते काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "जरा मागे आण. कुशीत. हां, इथे थांब."

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि स्क्रीनला जवळजवळ नाक लावलं.

"इथे काळं कर. नळीच्या तोंडाशी नाही रे, तिथे पत्रा उष्णतेने निळसर-तपकिरी होतो. काळं त्याच्या मागे पडतं, आणि खाली उतरत जातं. आम्ही पुसायचो, दुसऱ्या दिवशी परत तसंच."

"आणि तोफांपाशी, काका?"

"तोफा चालल्या असतील तर नाकाखाली. सरावाला चालल्या नसतील तर नाही. तुझं विमान लढाईला निघालंय की लढाई करून आलंय, ते आधी ठरव."

हे वाक्य माझ्या पुढच्या सगळ्या कामाला पुरलं. मी आता दोन रंगपट ठेवले आहेत: एक ४ डिसेंबरच्या पहाटेचा, दुसरा आठवडाभर लढून झाल्यानंतरचा. दुसऱ्यात तोफांच्या तोंडापासून मागे काजळी आहे, पंखाच्या मुळावर बुटांनी घासलेला पत्रा चमकतो आहे, इंधन भरायच्या झाकणाभोवती ओघळ आहेत. काकांनी सांगितलेल्या जागी, सांगितलेल्या दिशेने.

दिसण्याचं काम संपतं तेव्हा खरं अवघड काम सुरू होतं. विमान उडतं कसं? फाइलीत शेकडो आकडे असतात. हवेतून जाताना किती अडथळा, पंख किती कोनात धरला की किती उचल, नाक वर ओढलं की ते किती लवकर स्थिरावतं. वेग वाढत जाईल तसे यांतले बरेचसे आकडे बदलतात, म्हणून त्यांचे तक्तेच द्यावे लागतात. सी हॉकच्या सरळ पंखाची गंमत या तक्त्यांत दिसते. ध्वनीच्या वेगाच्या आठ दशांशांपर्यंत सगळं सुरळीत चालतं. त्याच्या पुढे अडथळ्याची रेषा एकदम उभी चढते. विमान थरथरतं, जड होतं आणि त्याहून वेगाने जायला नकार देतं.

इथे एक तुलना फार उपयोगी पडते. ब्रिटनने दुसऱ्या महायुद्धानंतर नीन इंजिनं सोव्हिएत संघाला विकली. त्यांनी त्याची प्रतिकृती बनवली आणि ती मिग-१५ मध्ये बसवली. म्हणजे सी हॉक आणि मिग-१५ यांचं काळीज एकाच घराण्यातलं. सिम्युलेटरमध्ये मिग-१५ चं इंजिन आधीच असतं, त्यावरून नीनचं वागणं समजून घेता येतं: थ्रॉटल पुढे ढकलल्यावर जोर यायला लागणारा वेळ, उंचीवर मंदावणारी ताकद, ती किणकिणती शीळ. पण मिगचे पंख पस्तीस अंशांनी मागे कललेले आहेत, आणि तेवढ्याने दोघांच्या कमाल वेगात तासाला शंभरेक किलोमीटरचा फरक पडतो. इंजिन तेच ठेवून पंख बदलला की काय होतं, हे पुस्तकात वाचण्यापेक्षा दोन फाइली शेजारी उघडून बघितलेलं मनात पक्कं बसतं.

आणि इथेच ती ओढ येते, जिच्याबद्दल मला मनापासून बोलायचं आहे. आकडे आपल्या हातात असतात. इंजिनाच्या जोराच्या ओळीत एक अंक वाढवला, अडथळ्याचा तक्ता थोडा सपाट केला, की आपलं सी हॉक समोरच्या सेबरला सहज मागे टाकेल. बनवणारा आपला, विमान आपलं, तिरंगी गोल आपला. वाढवायला काय हरकत आहे? असं सांगणारे भेटतात, आणि त्यांच्या भावनेबद्दल मला शंका नाही. पण मी ते करणार नाही. १९७१ मध्ये सी हॉक हे एका पिढीने मागे पडलेलं विमान होतं. आवाजाचा वेग त्याला गाठता येत नव्हता, हवेतल्या हवेत डागायची क्षेपणास्त्रं त्याच्यावर नव्हती, त्याचं डिझाइन चाळीसच्या दशकातलं होतं. लेफ्टनंट कमांडर संतोषकुमार गुप्ता आणि त्यांची स्क्वाड्रन जे विमान घेऊन चितगावच्या विमानविरोधी तोफांवर गेली ते हे विमान होतं. गुप्तांना त्यासाठी महावीरचक्र मिळालं. विमानाचा वेग मी माझ्या मनाने वाढवला, तर त्या माणसांनी जे केलं त्यातून तेवढंच मी काढून घेतो. म्हणून माझ्या फाइलीत सी हॉकला जेवढं येत होतं तेवढंच येतं. कमी पडतं तिथे उडवणाऱ्याने कमी पडणं सोसावं आणि त्यावर उपाय शोधावा: खालून जावं, लाटांवरून जावं, एकदाच फिरकावं आणि समुद्राकडे वळावं.

जहाजाच्या बाबतीत हे आणखी ठळकपणे दिसलं. विक्रांतच्या बॉयलरला त्या काळात तडे गेले होते आणि तिला पूर्ण वेगाने पळवता येत नव्हतं. ही गोष्ट लढाईच्या इतिहासात एका ओळीत येते. सिम्युलेटरमध्ये ती डोळ्यांपुढे उभी राहते. विमानवाहू नौका विमान सोडताना वाऱ्याकडे तोंड करून पळते, म्हणजे जहाजाचा वेग आणि वाऱ्याचा वेग मिळून पंखांना आयता मिळतो. जहाजाच्या फाइलीत कमाल वेगाचा एक आकडा असतो. तिथे विक्रांतचा कागदोपत्री वेग, चोवीस-साडेचोवीस नॉट, लिहिला तर बाँब घेतलेलं सी हॉक कॅटपल्टवरून, म्हणजे विमान डेकवरून पुढे भिरकावणाऱ्या यंत्रावरून, सुटून सरळ चढायला लागतं. तोच आकडा कमी केला, वारा पडलेला ठेवला, की विमान डेकची कड सोडताच खाली बसतं. समुद्र वर येतो. स्टिक ओढायचा मोह आवरून नाक सपाट धरावं लागतं, वेग हळूहळू जमतो, आणि मगच ते उचलतं. ते काही क्षण मी पहिल्यांदा अनुभवले तेव्हा माझे तळवे घामाने ओले झाले होते, आणि मी खुर्चीत बसलेलो होतो. मॉडमध्ये मी कमी वेगाचाच आकडा ठेवला आहे. सोबतच्या माहितीच्या फाइलीत त्याचं कारण लिहिलं आहे, म्हणजे कुणी ते चूक समजून "दुरुस्त" करणार नाही.

माहितीची ही फाइल मॉड घेणारे बहुतेक लोक उघडतही नाहीत, पण माझ्या लेखी ती विमानाइतकीच महत्त्वाची आहे. कुठला आकडा छापील तक्त्यातून घेतला, कुठला संग्रहालयात मोजला, कुठला चित्रफितींवरून अंदाजाने धरला, हे मी तिच्यात वेगवेगळं लिहितो. उद्या कुणाच्या हाती वैमानिकाची मूळ पुस्तिका लागली तर त्याला नेमकी कुठे सुधारणा करायची ते कळावं. असं घडतंही. डेकवर उतरताना तार पकडणारा शेपटीखालचा हूक खाली पडतानाची हालचाल मला पाहिजे तशी जमत नव्हती. युरोपातल्या एका मॉडरने ती स्वतःहून बसवून पाठवली. त्याने विक्रांत कधी पाहिलेली नाही. त्याला सी हॉक ठाऊक आहे ते जर्मन नौदलाचं. एकाच सांगाड्यावर त्याचा रंगपट वेगळा, माझा वेगळा, आणि दोन्ही एकाच पाकिटात जाणार आहेत.

यानंतर अलिझे घ्यायचं आहे, विक्रांतवरचंच, फ्रेंच ब्रेगे कंपनीचं, पाणबुड्या शोधणारं पंख्याचं विमान. त्याच्या पोटातून रडारचा घुमट खाली उतरतो. तो बसवायला हात शिवशिवताहेत. पण त्याआधी जहाज पुरं व्हायला हवं, आणि तिथे मी अडलो आहे. विक्रांत १९९७ मध्ये निवृत्त झाली, २००१ पासून मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती, २०१२ मध्ये ते बंद झालं आणि पुढे दारुखान्यात ती तोडली गेली. तिचं काही पोलाद मोटरसायकलींतही गेलं. मोजायला आता जहाज उरलेलं नाही. पण त्या दहा-अकरा वर्षांत मुंबईतल्या आणि मुंबईबाहेरच्या हजारो शाळकरी मुलांनी, घरच्या मंडळींनी तिच्यावर फोटो काढले. कुणीतरी कॅटपल्टच्या खाचेवर पाय ठेवून उभं असेल, कुणाच्या मागे लिफ्टची कडा दिसत असेल, कुणी हँगरमधल्या विमानाच्या मिटलेल्या पंखाखाली थांबलं असेल. माणसं ओळखीची असतील तर चेहरे झाकून द्या, मला मागचा पत्रा हवा आहे. डेकचा पृष्ठभाग, रेलिंगचे खांब, आयलंडच्या, म्हणजे डेकवरच्या उंच इमारतीच्या, भिंतीवरच्या पायऱ्या, दोरखंड अडकवायच्या कड्या. कपाटात असा अल्बम असेल तर या रविवारी काढून बघा.